आहुखान्याला राखणदार हवा

एप्रिल सरता सरता तापीकाठ भट्टीसारखा तापू लागतो आणि बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळकडच्या गाड्या कोकणची वाट धरतात. पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर, वाटेत धुळे-नाशिकचा टोलचा हिशेब, पुढे पनवेलची कोंडी, हे सगळे सोसून माणसे अलिबाग-रेवदंड्याला पोहोचतात, काही आणखी खाली रत्नागिरी गाठतात. या सहलीच्या यादीत अलीकडे एका ठिकाणाची भर पडली आहे, ती म्हणजे दीपगृहाची. संध्याकाळच्या ठरावीक वेळेत तिकीट काढायचे, गोल जिना चढायचा, गॅलरीत उभे राहून वारा खायचा आणि खाली यायचे. यात वावगे काहीच नाही. पण बऱ्हाणपूरहून निघालेली गाडी ज्या तापीच्या काठाने रस्त्याला लागते, तिच्या पलीकडच्या तीरावर जैनाबाद आहे आणि तिथल्या आहुखान्यात मुमताज महल सुमारे सहा महिने पुरलेली होती. तिकडे गाडी वळवावी असे फार थोड्यांना वाटते. ‘समुद्र तो समुद्र’ एवढ्यावर हा विषय सोडून देण्यासारखा नाही. दोन्ही जागा ऐतिहासिक आहेत, एकीला प्रवासी मिळतात आणि दुसरीला मिळत नाहीत, याचे कारण समुद्रापेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. दीपगृहाला रोजचे काम आहे आणि ते काम करणारा माणूस तिथे नेमलेला आहे. आहुखान्याला काम नाही, म्हणून माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणून जे व्हायचे तेच झाले आहे.

दीपगृहात प्रवाशाला नेमके काय भावते, हे जरा नीट पाहायला हवे. बुरूज म्हणून पाहिले तर आपल्याकडे याहून देखणे बुरूज शेकड्याने आहेत. दीपगृहात नजर ठरते ती स्वच्छतेवर. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर हाताला धूळ लागत नाही. वरच्या खोलीत काचेचे कंगोरे पितळी चौकटीत बसवलेले जाड भिंग असेल, तर त्यावर बोटाचा ठसा दिसत नाही. दिवसा त्या भिंगाभोवती पडदे ओढून ठेवायची रीत आहे. रात्री दिव्याचा उजेड कित्येक मैल समुद्रावर फेकणारे तेच भिंग दुपारी सूर्याचे किरण आत गोळा करून दिवा जाळून टाकू शकते, म्हणून. हा पडदा रोज कुणीतरी ओढतो आणि दिवेलागणीला कुणीतरी बाजूला करतो. टेबलावर नोंदवही असते: दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला, बिघाड झाला का, हवा कशी होती. पूर्वी भिंग फिरवणाऱ्या यंत्राचे वजन हाताने गुंडाळून वर चढवावे लागे आणि ते रात्रीतून पुनःपुन्हा करावे लागे, म्हणजे झोपायची सोय नव्हती. आता वीज आली, एलईडी आले, काम हलके झाले. पण नोंद चुकली तर जाब विचारणारा वरिष्ठ अजून आहे. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची ठरलेली लय असते, ती नकाशावर आणि पुस्तकात छापलेली असते, आणि ती बिघडली तर जगभरच्या जहाजांना तशी सूचना द्यावी लागते. एका इमारतीबद्दल इतकी कडक जबाबदारी आपल्या देशात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

थळच्या किनाऱ्यावरून होडीने जाता येते त्या खांदेरीचे उदाहरण घ्या. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदीचे काम सुरू करवले, मुंबईच्या इंग्रजांनी ते अडवण्यासाठी गलबते पाठवली, महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी याने भर समुद्रात त्यांना दाद दिली नाही. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे बसले ते असे. पुढे बेट इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये तिथे दीपगृह उभे राहिले. रत्नागिरीच्या किल्ल्यावरचे दीपगृहही त्याच सालचे. आज खांदेरीच्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, आणि ज्या मराठा लष्करी भूदृश्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले त्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. किल्ला म्हणून या बेटाचे काम अठराव्या-एकोणिसाव्या शतकातच संपले होते. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तिथे माणसांचा राबता राहिला, धक्का वापरात राहिला, पाण्याची सोय टिकली, याला मोठे कारण तो दिवा आहे. किल्ल्यासाठी तिथे कुणी राहिले नाही. दिव्यासाठी राहिले, आणि त्यामुळे किल्ल्यावरही नजर राहिली.

आता जैनाबादकडे येऊ. फारुकी सुलतानांनी तापीच्या दोन्ही तीरांवर दोन सुफींच्या नावाने दोन गावे वसवली: बुऱ्हाणुद्दीनांच्या नावाचे बऱ्हाणपूर आणि जैनुद्दीनांच्या नावाचे जैनाबाद. मोगलांनी बऱ्हाणपूर दख्खनच्या सुभ्याचे ठाणे केले आणि जैनाबादला शहजाद्यांची शिकारीची बाग झाली, तो हा आहुखाना. मोगल सरदार खानजहान लोदीच्या बंडामुळे शाहजहान दख्खनेत उतरला होता. १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. तिला नदीपलीकडच्या या बागेत पुरले आणि डिसेंबरात तिचे शव शहजादा शाहशुजाच्या सोबतीने आग्र्याला नेले. ताजमहालाचे बांधकाम त्यानंतर सुरू झाले. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध थडग्याचा पहिला मुक्काम आपल्या तापीकाठी आहे. ही वर्षे, जाता जाता सांगायला हवे, दख्खन आणि गुजरातेत माणसे अन्नान्न करून मरत होती ती वर्षे आहेत. तुकोबांच्या घरात मृत्यू शिरला तो याच दुष्काळात. बादशहाचा शोक आणि देहूचा आकांत एकाच काळातले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात एकत्र कधी येत नाही. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना हीराबाई ऊर्फ जैनाबादी महल हिच्यावर तो भाळला, तो प्रसंगही ‘मआसिर-उल-उमरा’ या मोगल उमरावांच्या चरित्रग्रंथाने याच बागेत घडलेला सांगितला आहे. इथून थोडे वर, मोहना आणि तापीच्या संगमावर बोहरड्याला, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह करवून घेणारे मिर्झाराजे १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात वारले. मराठी माणसाला या परिसरात पाय ठेवायला याहून जास्त कारणे हवीत तरी किती? तरीही आहुखान्यात आज बागेचा मागमूस नाही. आहेत त्या पडझड सोसलेल्या भिंती, कमानी आणि बारादरी. दिवे, नोंदवही, तिकीट, ठरलेली वेळ यांतले काहीच जागेशी बांधलेले नाही.

‘वापर असला की वास्तू टिकते’ हे बऱ्हाणपूरला कोकणातून शिकायची गरज नाही, ते त्याच शहराच्या पोटात सिद्ध झालेले आहे. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भुयारी नळातून शहराकडे आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. ओळीने खणलेल्या विहिरी, त्यांना तळाशी जोडणारा बोगदा, आणि उतारावर आपोआप वाहणारे पाणी. आत उतरायला आता लिफ्ट आहे. सुमारे ऐंशी फूट खाली भिंतींवर साचलेल्या चुन्याची पांढरी पुटे दिसतात. चार शतके होऊन गेली तरी ही योजना पूर्ण बुजली नाही, कारण लालबागकडच्या वस्तीला तिचे पाणी हवे होते. शहरातल्या शाही किल्ल्याचे पाणी कुणाला नको होते, आहुखान्यातल्या हौदाचेही नको होते. खानखानाच्या कुंड्यांतले पाणी घागरीत येत होते, म्हणून कुंड्यांतला गाळ कुणाला तरी उपसावा लागला. २०२४ मध्ये भारताने युनेस्कोच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव दिले. हा मान त्या वास्तूला तिच्या शिल्पकामासाठी मिळालेला नाही, तो तिच्या कामासाठी मिळाला आहे.

ज्या वास्तूंना रोजचे काम नाही त्यांचे काय होते याचे आकडे सरकारच्याच कागदांत आहेत. महालेखापालांच्या २०१३ च्या अहवालात तपासलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडली नव्हती. नंतर शोधाशोध झाली, ४२ सापडली, उरलेल्या ५० पैकी काही शहरांच्या वाढीत गेली, काही धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा ठावठिकाणाच लागला नाही. २०२२ च्या अखेरीस संसदीय समितीने पुढचा प्रश्न विचारला: केंद्राच्या संरक्षणाखाली ३,६९३ स्मारके, त्यांपैकी किती ठिकाणी पहारेकरी आहेत? उत्तर आले, २४८. म्हणजे शंभरातल्या साधारण सात ठिकाणी. कागदावर ‘संरक्षित’ आणि जागेवर बेवारस अशी ही स्थिती आहे. राज्यांच्या यादीतल्या आणि कोणत्याच यादीत नसलेल्या वास्तूंचा तर हिशेबच वेगळा. बऱ्हाणपूर जिल्ह्यात याचे ताजे प्रात्यक्षिक मार्च २०२५ मध्ये घडले. ‘छावा’ चित्रपटात बऱ्हाणपूरचा खजिना दिसला आणि असीरगडच्या पायथ्याच्या शेतांत मोगलांच्या मोहरा मिळतात अशी हूल उठली. रात्री विजेऱ्या घेऊन माणसे जमली, कुणी कुदळी आणल्या, कुणी धातुशोधक यंत्रे. अंधारात शंभर खड्डे पडले तरी पहाटेपर्यंत हटकणारा कुणी नव्हता. लोकांना हसून काय उपयोग? ज्या मालाला मालक दिसत नाही, तो आपला असे समजण्याची खोड माणसात जुनीच आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो खोटा नाही. दीपगृहांचा खर्च जहाजे देतात. भारतीय बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दीपशुल्क घेतले जाते, पूर्वी १९२७ च्या दीपगृह कायद्याने आणि आता २०२१ च्या सागरी दिशादर्शन साधनांच्या कायद्याने. दिव्याचा लाभ ज्याला, त्याच्याकडून दिव्याचे तेल. मुमताजच्या पहिल्या थडग्याचा लाभ कुणाला होतो आणि त्याच्याकडून काय घ्यायचे? माझे उत्तर असे की खर्चाचा आकडा आपण उगाच फुगवून पाहतो. जीर्णोद्धार महाग असतो, राखण महाग नसते. एका राखणदाराचा पगार, एक खोली, पाण्याची टाकी, विजेचे बिल, एवढ्यावर काम सुरू होते. आपल्याकडे उलटे चालते: दहा वर्षे कुणी फिरकत नाही, मग एकदम काही कोटींची ‘सुशोभीकरण’ योजना येते, फरशा बसतात, रंगीत कारंजी येतात, फलकावर नावे कोरली जातात आणि उद्घाटनानंतर पुन्हा दहा वर्षे सन्नाटा. त्या एका योजनेच्या व्याजात राखणदाराचा पगार निघाला असता. शिवाय दीपशुल्काचे तत्त्व इथे अगदीच लागू होत नाही असेही नाही. कुंडी भंडारा पाहायला, बऱ्हाणपूरची जामा मशीद पाहायला जे बाहेरगावचे प्रवासी येतात, त्यांच्या तिकिटातला, पार्किंगमधला, हॉटेलच्या बिलातला छोटा हिस्सा जिल्ह्यातल्या बिनतिकिटाच्या वास्तूंसाठी बाजूला काढता येतो. समुद्रातही एखादे जहाज एकाच दिव्यासाठी पैसे भरत नाही, सगळ्या किनाऱ्यासाठी भरते.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. जीपीएस आल्यापासून दीपगृहाची गरजच उरली नाही, इंग्लंडमध्ये तर १९९८ मध्ये शेवटचे दीपगृह स्वयंचलित झाले आणि तिथला राखणदार घरी गेला, मग राखणदाराचे कौतुक कशाला? गरज कमी झाली हे मान्य. पण उपग्रहाचा संकेत बिघडतो, मुद्दाम बिघडवलाही जातो, आणि किनाऱ्याजवळच्या लहान होड्यांना डोळ्यांनी दिसणारी खूण अजून लागते, म्हणून दिवे विझवलेले नाहीत. राहिला माणसाचा प्रश्न. अमेरिकेने दीपगृहांतली माणसे काढली आणि थोड्याच काळात त्यांना कळले की रिकामा बुरूज आपोआप ढासळतो. २००० मध्ये त्यांनी कायदा केला आणि सरकारला नकोशी झालेली ऐतिहासिक दीपगृहे पालिकांना, संस्थांना, इतिहासमंडळांना फुकट देऊ केली, अट एकच: सांभाळायची आणि लोकांना पाहू द्यायची. म्हणजे काढून टाकलेला राखणदार त्यांनी दुसऱ्या दाराने परत आणला. आपल्या २०२१ च्या कायद्यातही जुन्या दीपगृहाला ‘वारसा दीपगृह’ घोषित करण्याची तरतूद आहे, ती याच जाणिवेतून.

गोव्याचे आग्वाद मात्र माझ्या म्हणण्याला खरोखर अडचणीचे आहे. पोर्तुगीजांनी १८६४ मध्ये उभारलेला तिथला जुना दिवा १९७६ मध्ये विझला, शेजारी नवे दीपगृह आले. जुन्या बुरुजाला काम नाही, तरी तो उभा आहे आणि देशातला पहिला दीपगृह महोत्सव सप्टेंबर २०२३ मध्ये याच किल्ल्यावर झाला. काम गेले तरी वास्तू टिकली, मग माझ्या सिद्धांताचे काय? मला यात एवढेच दिसते की आग्वादच्या बुरुजाने एक काम गमावले आणि दुसरे मिळवले. रोज हजारो माणसे तो पाहायला येतात, त्यांच्यासाठी दार उघडावे लागते आणि मिटावे लागते. पण पर्यटन हे काम दिव्याइतके भरवशाचे नाही. दीपगृह खात्याच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये वर्षाला चार लाख माणसे दीपगृहे पाहायला येत, २०२३-२४ मध्ये सोळा लाखांवर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५ दीपगृहे पर्यटनासाठी सज्ज झाल्याचे जाहीर झाले. आनंद आहे. मात्र उद्या सेल्फीची फॅशन दुसरीकडे वळली तर खात्याला दिवा तरी उरतो. निव्वळ प्रवाशांवर विसंबलेली वास्तू त्या दिवशी उघड्यावर पडते. म्हणून ‘आहुखान्याला पर्यटनस्थळ करा’ ही स्थानिक पुढाऱ्यांची नेहमीची मागणी मला अर्धवट वाटते. आधी राखण, मग पाहुणे. पाहुणे आधी बोलावले तर भिंतींवर बदामात नावे कोरली जातात, हे सांगायला नको.

वापराने वास्तूंचे नुकसानही होते, असे इतिहासाचे अभ्यासक म्हणतील, आणि त्यांच्या हातात पुरावा आहे. खांदेरीवरचे दीपगृह किल्ल्याच्या आतच उभे आहे, त्यासाठी आणि कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी जुन्या बांधकामात ढवळाढवळ झाली. देशभरच्या कितीतरी किल्ल्यांत कचेऱ्या, कोठारे, तुरुंग घालून आपण नक्षीवर चुना फासला आहे. तेव्हा आहुखान्यात ग्रामपंचायतीचे गोदाम घाला असे कुणी सुचवले तर मीच पहिला विरोध करीन. काम वास्तूला शोभणारे आणि तिला न झिजवणारे हवे. जैनाबादला ते सहज जमण्याजोगे आहे. मुळात ती बाग होती. तिथे पुन्हा बाग लावा, रोपवाटिका चालवा. बऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा, पाणी आणि माती यांची जाण इथे घरोघर आहे. रोपांना रोज पाणी लागते, रोज पाणी घालायला माणूस लागतो, आणि जो माणूस रोज पाणी घालतो त्याला भिंतीतला निखळलेला दगड त्याच दिवशी दिसतो. दीपगृहाच्या नोंदवहीसारखी एक वही त्याच्याकडे द्यावी: आज कोण आले, कुठे भेग वाढली, पावसात कुठे गळले. पुरातत्त्वाच्या अभियंत्याला पाच वर्षांनी जे शोधत बसावे लागते, ते या वहीत तारखेनिशी मिळेल.

ही वास्तू कुणाची, या वादावर सगळे घोडे अडते हे ठाऊक आहे. ‘मोगलांच्या खुणा आम्ही का सांभाळायच्या’ असे म्हणणारे आता मोठ्याने म्हणतात. त्यांना एवढेच सांगायचे की कोकणातली जुनी दीपगृहे इंग्रजांनी आपल्या व्यापारासाठी बांधली, आग्वादचे पोर्तुगीजांनी. आपण ती त्यांच्या प्रेमापोटी सांभाळत नाही. ती आपल्या किनाऱ्यावर आहेत, म्हणून सांभाळतो. आहुखाना आपल्या तापीवर आहे. याच तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरचे तलम कापड सुरतेला जात होते, तिथून जहाजांनी इराण, तुर्कस्तानपर्यंत पोहोचत होते, फ्रेंच प्रवासी ताव्हेर्नियेने तसे लिहून ठेवले आहे. ते कापड विणणारे हात बादशहाचे नव्हते. ते इथल्याच माणसांचे होते. त्यांच्या वंशजांच्या गावात त्या काळाची एक साक्ष उभी असेल तर तिच्यावर हक्क सांगायला त्यांनी कुणाची परवानगी घ्यायची?

बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ मध्ये, म्हणजे निर्णय घ्यायला आता जुन्या खंडवा जिल्ह्याच्या कचेरीची वाट पाहायचे कारण नाही. जिल्हाधिकारी, जैनाबादची ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खाते यांनी एकत्र बसून एका राखणदाराची नेमणूक केली तर ती या पावसाळ्याआधी होऊ शकते. १७ जूनला मुमताजचा स्मृतिदिन येतो, निदान त्या दिवसापासून नोंदवही उघडावी. आणि कोकणात जाणाऱ्यांनी जरूर जावे, दीपगृहाचा जिना चढावा. फक्त निघण्याच्या दिवशी गाडी तासभर आधी काढून तापीचा पूल ओलांडावा, आहुखाना पाहावा आणि तिथे राखणदार दिसला नाही, तर परतल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना तसे पत्र लिहावे.